टाकीवरचं झाकण

"आधी काडी, मग गाडी," असं म्हणत मिस्त्री पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवून काढायचे, सदऱ्याला पुसून खिशात टाकायचे आणि खुणा केलेली बांबूची काडी टाकीत सोडायचे. काडी कुठवर भिजली ते बघून मला आकडा सांगायचे. साहेब खोळंबलेत, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, तरी काडी झाल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. त्यांच्या उस्तादाने घालून दिलेली रीत होती ती, आणि रीतीच्या बाबतीत ते सोवळ्यातल्या भटजींहून कडक होते.

मी ग्वाल्हेरच्या मोटरखान्यातला कारकून. संस्थान होतं तेव्हा मोटरखाना दरबाराचा होता, विलीनीकरणानंतर सरकारचा झाला. माणसं तीच, गाड्या त्याच, फक्त अर्जाचे मायने बदलले. मिस्त्रींचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आलेले. मिस्त्री पाटणकर बाजारात माझ्या शेजारच्या गल्लीत राहायचे. सकाळी आम्ही बरोबरच निघायचो. मी जगभरच्या गप्पा मारायचो आणि ते जाणाऱ्या मोटारींचे आवाज ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "बाबू, ती गेली ना, तिचा एक प्लग मेलाय." माझ्या गप्पा तिथेच संपायच्या.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याने केलेलं काम कोणी पुन्हा तपासत नाही. तो स्वतःही तपासत नाही, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

विलीनीकरणानंतर हुकूम आला की सगळ्या गाड्यांवरची जुनी राजचिन्हं काढून टाकावीत. दारांवरची चिन्हं रंगाखाली गेली. एका मोठ्या काळ्या गाडीच्या टाकीचं पितळी झाकण तेवढं राहिलं. त्यावर चिन्ह कोरलेलं होतं, मधोमध सूर्य. दुसऱ्या कोणी ते कानशीने ओरबाडलं असतं. मिस्त्रींनी कथील वितळवून, डाग देऊन सगळं खोदकाम भरलं, घासलं, वरून पितळी मुलामा दिला. झाकण इतकं गुळगुळीत झालं की साहेबांनी हात फिरवून बघितला. "चिन्ह कुठे होतं ते शोधून दाखवा," मिस्त्री मला म्हणाले. मला सापडलं नाही. त्यांना त्यांच्या कामाचा एवढा आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

ती गाडी हरीराम चालवायचा. दरबाराच्या काळापासूनचा ड्रायव्हर, नया बाजारामागे राहणारा, पोटात अक्षर नाही पण हात लोण्यासारखा. त्या वर्षांत आमची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची. साहेब लोक कपाटांसकट इकडून तिकडे जायचे. इंदूरच्या दुसऱ्या फेरीहून हरीराम आला तो तक्रार घेऊनच.

"मिस्त्रीजी, शिवपुरी के आगे गाड़ी दम छोड़ देती है. पाँव पूरा दबाओ, फिर भी मरी-मरी चलती है. थोड़ा रुक जाओ तो फिर अपने आप ठीक."

मिस्त्रींनी काडी घातली, गाडी जवळच्या पनिहार गावापर्यंत नेली, परत आणली. गाडी मजेत पळाली. पुढच्या फेरीनंतर पुन्हा तीच तक्रार, पुन्हा काडी, पुन्हा पनिहार. गाडी झकास. तिसऱ्या वेळी मिस्त्री हसून म्हणाले, "हरीराम, गाड़ी को इंदूर पसंद नहीं है. ग्वालियर की है ना." आम्ही सगळेच हसलो. हरीरामही हसला, पण उशिरा.

त्यानंतरच्या फेरीत, शिवपुरीच्या पुढे, गुना शहराच्या अलीकडे हरीराम एका बैलगाडीला मागे टाकायला बाहेर निघाला. समोरून ट्रक येत होता, पण लांब होता. वेळ भरपूर होता. बैलगाडीच्या बरोबरीला आल्यावर गाडीने दम सोडला. पुढे जाईना, मागे यायला जागा नाही. ट्रकने पुढची एक बाजू कापत नेली. हरीरामच्या शेजारी मोहन नावाचा आमचा चपराशी बसला होता. तो जागच्या जागी गेला.

साहेब मागच्या सीटवर झोपले होते. चौकशीत त्यांनी सांगितलं की ड्रायव्हरला डुलकी लागली असावी. झोपलेल्या माणसाला दुसऱ्याची डुलकी कशी दिसली, हे विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही. माझीही नाही. हरीराम एकच वाक्य सांगत राहिला, "साहब, गाड़ी ने दम छोड़ दिया था."

गाडी दुरुस्त झाल्यावर तिची तपासणी मिस्त्रींवरच आली. त्यांनी ती जीव ओतून केली, कारण हरीरामची रोजी तिच्यावर होती. कार्बुरेटर खोलला, पंप खोलला, नळ्या फुंकून बघितल्या. रोज सकाळी काडी घालून गाडी बाहेर काढायचे, गावाजवळच्या वेगवेगळ्या रस्त्यांनी फिरवायचे. आठवडाभर फिरवली. दोष निघाला नाही, आणि खोटं लिहिणारा माणूस तो नव्हता. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, त्यांनी सही केली. हरीरामची नोकरी गेली. तो मोटरखान्यातून निघाला तेव्हा मिस्त्री गाडीखाली होते, आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

गाडी त्यानंतर लांब गेलीच नाही, गावातच फिरत राहिली. मग राज्यांची पुन्हा मांडणी झाली, आमचं राज्यच उरलं नाही आणि राजधानी भोपाळला ठरली. सगळा मोटरखाना तिकडे निघाला. काळ्या गाडीत नवा ड्रायव्हर, त्याच्या शेजारी मिस्त्री, आणि मागे फाइलींच्या गठ्ठ्यांत मी.

शिवपुरी मागे पडून बराच वेळ झाला होता. दुपारचं ऊन होतं. गाडी अचानक ढिली पडली. ड्रायव्हरने पाय पूर्ण दाबला तरी ती मरगळल्यासारखी सरकत होती. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं. तो टक्क जागा होता.

गाडी बाजूला थांबली. मिस्त्री उतरले आणि सवयीने काडी घेऊन टाकीकडे गेले. झाकण फिरवलं, तशी आतून हवा ओढल्याचा लांब आवाज आला. बुडता बुडता वर आलेला माणूस श्वास घेतो तसा. मी खिडकीतून तो स्पष्ट ऐकला. मिस्त्री झाकण हातात घेऊन रस्त्याच्या कडेला खाली बसले.

त्यांनी मला समजावलं ते मी आजही त्यांच्याच शब्दांत सांगू शकतो. "पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला लागते, बाबू. त्याच्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. याचं त्या सूर्यात होतं. मी बुजवलं. लांब रस्त्यावर टाकी आतून आवळत जाते, पंपाला पेट्रोल ओढवत नाही. आणि मी दर वेळी तपासायच्या आधी काडी घालायला झाकण उघडत होतो, वर गाडी जवळच फिरवून आणत होतो. रोग काढून टाकायचो आणि मग रोग शोधायचो."

थोड्या वेळाने म्हणाले, "दुसऱ्या कोणाची गाडी असती तर पहिलं झाकण बघितलं असतं. हे नाही बघितलं. हे मी केलेलं होतं."

मागे गाड्यांची रांग खोळंबली होती. त्यांनी माझ्याकडून फाइली शिवायचा दाभण मागून घेतला, दगडाने ठोकून कथलात भोक पाडलं आणि झाकण लावलं. गाडी भोपाळपर्यंत वाऱ्यासारखी गेली.

भोपाळला त्यांनी मला कबुलीजबाब लिहायला लावला. माझ्या हाताने हा दोष झाला, हरीराम निर्दोष आहे, त्याचं नाव साफ करावं. महिनाभराने उत्तर आलं: प्रकरण पूर्वीच्या राज्याचं असून बंद झालेलं आहे, शिवाय सदर गाडी तपासली असता तिच्यात दोष आढळला नाही. मिस्त्रींनी ते मला दोनदा वाचायला सांगितलं. मग त्यांनी नोकरी सोडली.

कपाटांची दुसरी खेप आणायला मी ग्वाल्हेरला निघालो तेव्हा ते बरोबर आले, आणि आम्ही थेट हरीरामकडे गेलो. तो आता आटाचक्कीवर पोती मोजायचा. सायकलसुद्धा हातात धरत नव्हता. त्याची बायको म्हणाली, "दिन में खाट पर पीठ तक नहीं टिकाते."

मिस्त्री उभ्यानेच बोलले. "हरीराम, तू सोया नहीं था. मैंने झाकण का छेद बंद किया था. इसलिए गाड़ी ने दम छोड़ा."

"मैं तो मान चुका था, मिस्त्रीजी," हरीराम म्हणाला. "इतने लोगों ने कहा. लगा, आँख लग ही गई होगी. फिर मोहन को किसने मारा?"

"मैंने," मिस्त्री म्हणाले.

हरीरामने उठून त्यांचे दोन्ही हात धरले. मला बरं वाटलं. निदान या एका दारात त्यांचं म्हणणं पोचलं, असं मी समजलो.

पुढे मी भोपाळचाच झालो. रजेवर आलो की त्यांच्याकडे जायचो. घरात कुठलंही झाकण ते घट्ट बसू देत नसत, दुधाच्या पातेल्यावरचं सुद्धा बोटभर सरकवून ठेवायचे. मांजराने दोनदा दूध संपवलं तेव्हा वहिनी माझ्याकडे तक्रार करत होत्या. "असू द्या," मिस्त्री म्हणाले. वहिनींनी पातेलं तसंच राहू दिलं. रोज संध्याकाळी ते हरीरामकडे जाऊन बसायचे, आणि दोघे बोलायचे मात्र काहीच नाहीत.

ते गेले तेव्हा मी रजेवर ग्वाल्हेरलाच होतो. हरीरामने पाटणकर बाजारापासून स्मशानापर्यंत खांदा बदलू दिला नाही. चिता पेटल्यावर आम्ही दोघे बाजूला उभे राहिलो.

"बाबूजी," तो म्हणाला, "ऐसा आदमी नहीं मिलेगा. मेरा मन रखने के लिए उन्होंने कितनी बड़ी बात अपने सिर ले ली."

मला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि मी घाईघाईने सांगू लागलो. मी तिथे होतो, हवा ओढल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, भोक माझ्याच दाभणाने पाडलं, मिस्त्री खरं बोलले होते, तू झोपला नव्हतास. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं.

हरीरामने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आप भी भले आदमी हैं, बाबूजी," तो म्हणाला.