उंदरांचे विषाणू आणि आई

आई कॅन्सरच्या वॉर्डात होती आणि मी प्रयोगशाळेत उंदरांच्या कॅन्सरचे विषाणू बघत होते. काचेच्या बशीतल्या पेशींत एका विषाणूने गाठी केल्या होत्या, पण त्या पसरत नव्हत्या. दुसरा विषाणू सोबत सोडला, तशा बशीभर गाठी उठल्या.

"पहिल्याला एकट्याने वाढता येत नाही, दुसऱ्याची मदत लागते," आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

"रोगालाही सोबत मिळते. आई मात्र तिकडे एकटी आहे," मी म्हटलं.

बाईंनी हातमोजे काढले. "चल, मीही येते."

वॉर्डात बाईंनी आईला संत्रं सोलून दिलं. आईने विचारलं, "ही दिवसभर काय करते हो?"

"तुमच्याच आजाराकडे बघते, अगदी जवळून."

आईने माझा चष्मा काढून घेतला आणि चादरीच्या टोकाने हळूहळू पुसून दिला.