किटमधलं कुंकू

नागपूरच्या आमच्या कॉलेजात मायक्रोप्रोसेसरचा पहिला किट आला, त्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तो सुरू केला, तर त्यावरचा एक दिवा काही केल्या लागेना. प्रोग्राम बरोबर होता, पण सिग्नल त्या दिव्याच्या पिनेपर्यंत पोचतच नव्हता. "ज्याने हात लावला असेल, त्याला घरी बसवीन," विभागप्रमुख गरजले.

दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांचं नाव मी विचारलंच नाही. पेचकस उचलण्याआधी त्यांनी तळवा किटवर ठेवला, तापलेल्या पोराच्या अंगावर ठेवावा तसा. मग भिंगातून सॉकेटच्या छिद्रात पाहिलं आणि टाचणीने आतलं अलगद उकरलं. निघालं ते कुंकू.

दारात उभ्या म्हाताऱ्या शिपायाचा चेहरा उतरला. "दसऱ्याले सगळ्या मशिनींची पूजा करतो साहेब. याले कसा सोडू?"

"काहून सोडता गा?" गृहस्थ हसले. "पण देवालेही कुंकू कपाळाले लावतो आपण, डोळ्यात थोडीच टाकतो!"

बोटावरचं कुंकू फडक्याला पुसायला त्यांचा हात धजला नाही. त्यांनी ते स्वतःच्या कपाळाला लावलं.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. "कोणाचा प्रताप?"

"कोणाचाच नाही जी. पिन नीट बसली नव्हती."

चूक सापडल्यावर माणूस शोधायची घाई नसलेले लोक मी पुढेही फारसे पाहिले नाहीत.

त्यांनी पिन पुन्हा बसवली, तसा दिवा लागला. विभागप्रमुख त्यांच्या कपाळाकडे पाहून म्हणाले, "देवभक्त दिसता."

"हो जी," म्हणत त्यांनी पिशवी उचलली. येताना ते कपाळ कोरं होतं, हे शिपायाला आणि मलाच ठाऊक.