कौल उजवा पडला होता

"बाई, पोटात मूल नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ आहे."

मी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे. त्या डोहाळजेवणात भरलेल्या होत्या.

"हिला ओव्हेरियन सिस्ट म्हणतात. अंडाशयाला आलेली पाण्याची पिशवी. काढली नाही तर वाढत जाईल. पीळ पडला तर जिवावर बेतेल."

ज्या बायकांचं पोट वाढतंय पण आत काही हलत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लाज वाटते, तरी लिहिते.

बेळगुंदीच्या अलीकडे आमचं गाव. मी गुरवाची सून. गावच्या देवीची पूजा आमच्या घराकडे, आणि कौल लावायचं कामही. देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न सांगायचा. उजवीकडची पाकळी आधी गळली तर होय, डावीकडची गळली तर नाही. पेरणी, सोयरीक, हरवलेली म्हैस, सगळं आमच्या ह्यांनी तिला विचारलेलं.

लग्नाला बरीच वर्षं होऊन माझी कूस रिकामीच होती. तेव्हा ह्यांनी माझ्यासाठी कौल लावला. उजवी पाकळी गळली. पुढे पोट दिसायला लागलं, तशी सासूबाईंनी गावभर साखर वाटली. पाळी माझी पहिल्यापासून बेभरवशाची, त्यामुळे तिच्यावरून काही कळलं नाही. पोटात गुरगुरलं की मी म्हणायची, बाळ फिरतंय. मी कुंचीसुद्धा शिवून ठेवली होती. नववा महिना सरला, दहावा सरला, कळा येईनात. मग माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, कुणाचं न ऐकता गाडी जुंपली आणि आम्हा दोघांना बेळगावच्या मिशनच्या दवाखान्यात आणून सोडलं.

ऑपरेशन म्हटल्यावर माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "गावाकडं जाऊन कौल घिऊन या."

हे व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. उठले नाहीत.

"न्हाय जात."

"का?"

"न्हाय म्हणाली तर म्या काय करू? एकदा तिचं ऐकून तुझं प्वाट बघत बसलो. आता इचारत न्हाय."

आणि हा माणूस ढसाढसा रडला. अख्ख्या गावाचे प्रश्न देवीपुढे मांडणारा, पण बायकोचा मांडायला घाबरला. त्या दिवशी मला तो जेवढा आवडला तेवढा कधीच आवडला नव्हता.

अंगात रक्त कमी म्हणून ऑपरेशन लांबलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल जोर, तो वाढेपर्यंत लोहाचं औषध. खाटेवर पडून दुसरं काम नव्हतं. मी देवीवर चिडत होते, आईवर चिडावं तशी. पण त्याच्या मागून दुसरा विचार यायचा आणि तो फार वाईट होता. तिथे कुणी नसेलच तर? पाकळी सुकली की सुटते, एवढंच असेल तर? मग ह्यांनी जन्मभर केलं ते काय? आणि मी भांडायचं तरी कुणाशी?

रडायचीही चोरी होती. ज्याच्यासाठी रडायचं ते कधी जन्मलंच नव्हतं. ना बारसं, ना सुतक.

एकदा टेबलावर औषधं मोजताना डॉक्टरीणबाईंना मी विचारलंच, "बाई, तुमच्या देवाचा तुमाला कदी राग येतोय का वं?"

मला वाटलं, आता उपदेश करतील. त्या म्हणाल्या, "पुष्कळदा येतो. पलीकडच्या खाटेवरची पोर गेली तेव्हा आला होता. तो आहे का, अशी शंकासुद्धा आली."

"मग वं?"

"मग काय? सकाळी वॉर्डात यावंच लागतं. पेशंट वाट बघत असतात."

एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मला मात्र त्या दिवशी गाढ झोप लागली.

ऑपरेशनआधी नाकावर क्लोरोफॉर्मचं फडकं धरतात. ते झोप आणणारं औषध, गोडसर उग्र वासाचं. घाबरू नका, जीव गुदमरल्यासारखा होतो पण लगेच सगळं विझतं. शुद्ध आली तेव्हा पोट सपाट होतं आणि हे पायाशी बसले होते. गाठ घागरीएवढी होती म्हणे. टाके निघेपर्यंत हसू नका, खोकू नका, असं बजावून सांगतात. हसायला माझ्याकडे काही नव्हतंच.

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, देवीनंच वाचवलं. शेजारीण म्हणाली, देवी कोपली म्हणून झालं. मी दोघींचंही ऐकून घेतलं.

चालता यायला लागलं तशी देवळात गेले. हे नेमानं पूजा करत होते, पण दवाखान्यातून आल्यापासून कौल लावला नव्हता. लोक येऊन परत जात होते. ताटात ओल्या पाकळ्या तशाच होत्या.

हे हळूच म्हणाले, "एक इचारू का तिला?"

"काय इचारताय?"

"ती हाय का न्हाय, त्ये."

मी म्हटलं, "आन डावी पाकळी पडली तर? न्हाय म्हणायला तरी तीच लागंल न्हवं!"

हे खो खो हसत सुटले. मीही हसले, पोट दाबून, टाक्यांची जागा ओढत होती तरी. कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं एकत्र हसलो, तेही तिच्यासमोर.

"इचारू नका," मी म्हटलं. "नुसतं सांगा, मी आलीया म्हणून."

ह्यांनी हात जोडले. "आई, ही आली गं परत," एवढंच म्हणाले.

आता कुणी दुखण्याचा कौल मागितला की हे आधी दवाखान्याची वाट दाखवतात. लोक कुरकुरतात. तुम्हीही कुरकुर करा, पण आधी दाखवून या.

शंका अजून येते. आली की मी दिवा लावायचं तेवढं चुकवत नाही. मी दोघींची ऋणी आहे. एकीला सुगीला दवाखान्यात नवा तांदूळ पाठवते. दुसरीशी अजून भांडते.