सासूबाईंची स्वच्छ डबी

वस्तीत तिला सगळे खोकलाताई म्हणत. दवाखान्याच्या प्लॅस्टिकच्या डब्या पिशवीत घालून ती दारोदार फिरायची आणि ज्याचा खोकला हटत नाही त्याच्याकडे तपासणीसाठी बेडका मागायची. पदर खोचून, पोटावर हात दाबून ती असं काही खोल खोकून दाखवायची, की आजारी माणूस स्वतःचा खोकला विसरून तिलाच पाणी आणून द्यायचा.

घरात मात्र तिचा आवाज म्हणून निघत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंना उलट शब्द नाही.

त्याच सासूबाई महिनाभर खोकत होत्या. पोलकी अंगावर लोंबायला लागली होती आणि मांडीवर सदानकदा तान्हा नातू. सुनेचा जीव टांगणीला लागला. दोनदा डबी दिली, दोनदा लॅबवाल्याने परत केली.

"ताई, ही नुसती थुंकी आहे. जगाला शिकवता आणि घरी हे?"

म्हणून पुढच्या सकाळी ती मोरीशी लक्ष ठेवून उभी राहिली. सासूबाईंनी खोकून चांगला घट्ट बेडका काढला, मोरीत टाकला, वर तांब्याभर पाणी ओतलं, खळखळून चूळ भरली आणि मग डबीत नाजूकपणे थुंकल्या.

"अहो आई! हवं तेच टाकलंत!"

"मग ती घाण पाठवू? परकी माणसं झाकण उघडणार. घराची अब्रू आहे. द्यायचं ते स्वच्छ द्यावं!"

समजावून उपयोग नव्हता. पण संतापल्या की त्यांना उबळ येते, हे सुनेला पक्कं ठाऊक. "देवा, आजच्यापुरतं माफ कर," असं मनात म्हणत ती त्यांना अंगणात घेऊन आली.

"आई, तुमच्या हातची भाजी मला कधीच आवडली नाही. नुसतं मीठ!"

"काय म्हणालीस?"

"आणि लेकाला तुम्हीच लाडावलंत. प्यायलेला पेलासुद्धा उचलत नाही!"

"अगं, तुला वाचा फुटली की का—" पुढचं सगळं खोकल्यात गेलं. सुनेने बाजूला सरून डबी त्यांच्या हनुवटीखाली धरली आणि झाकण घट्ट बसल्यावरच श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. क्षयच होता.

सासूबाईंनी नातवाला सुनेच्या हाती दिलं. "याला आधी दाखवून आण. मी पहिलीच डबी नीट दिली असती तर गं?"

"औषध कधीच सुरू झालं असतं, आई."

सासूबाईंनी पदर नाकातोंडावर ओढून घेतला. "किती दिवस घ्यायचं?"

"सहा महिने."

"बरं. मग माझ्याबद्दल पोटात साठवलंयस ते रोज थोडं थोडं काढ. एकदम नको. मला सोसायचं नाही."