एक माणूस, एक बाटली

दुष्काळ सरला आणि आमच्या सोलापूरकडच्या वाशीत काँग्रेस गवत आलं. कुणी म्हणायचं रेशनच्या मिलो ज्वारीबरोबर आलं, कुणी म्हणायचं परदेशी गव्हाबरोबर. कुठून का येईना, दूध सोसायटीच्या दारापर्यंत आलं आणि तिथं मी दुधाचं फॅट काढायला होतो. गवताला फुलोरा आला की माझे डोळे खाजून खाजून लाल व्हायचे. दूध घालायला आलेली माणसं विचारायची, "राती जास्त झाली व्हय?" आयुष्यात कधी सुपारी खाल्ली नाही आणि नाव दारुड्याचं.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पापणी उलटी करून पाहिली, ॲलर्जी आहे म्हणाले आणि थेंबांच्या औषधाची चिठ्ठी लिहून दिली. "एक माणूस, एक बाटली," असं बजावलं. "दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात घालायचं नाही. महिन्यानं उरलं तरी फेकून द्यायचं." फेकून द्यायचं म्हणे. टँकरखाली सांडणारं पाणी घमेल्यात धरलेली माणसं आम्ही.

औषध मात्र नामी होतं. आधी चरचरायचं, मग गार वाटायचं. घटकाभरात खाज थांबायची आणि डोळा पांढराशुभ्र व्हायचा.

माझी चुलती शेजारीच राहायची. रोज सकाळी चरवी घेऊन सोसायटीत यायची. एक दिवस तिचा उजवा डोळा लाल दिसला. "माझ्या बी डोळ्यात घाल की दोन थेंब," ती म्हणाली. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. "बरं, ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि निघून गेली.

ते मला लागलं. दुष्काळात माझी आई तापानं पडली होती, तेव्हा याच काकूनं आपल्या हंड्यातलं अर्धं पाणी रोज आमच्या घरात ओतलं होतं. मी हिला दोन थेंब नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी मीच बाटली घेऊन तिच्या ओसरीवर गेलो. तासाभरात लाली उतरली. गल्लीत मला 'डागदर' म्हणायला लागले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

पुढं दोन महिने लाली आली की काकू यायची आणि मी थेंब घालायचो. बाटली संपली, त्याच चिठ्ठीवर दुसरी आणली. मधे एकदा ती म्हणाली, "कपाळ लई ठणकतंय. अन् कंदिलाभवती रंगीत कडं दिसतंय बघ." मी ठोकून दिलं, "चूल फुंकता तुम्ही, धुरानं होतंय ते." मला खाज होती, तिला ठणका होता. एवढा फरक कुणालाही कळला असता. पण मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो.

मग एका सकाळी काकूनं चरवीतलं दूध मापाच्या बाहेर ओतलं. मी तिचा डावा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, "मी दिसतो का?" तिनं हात पुढं करून माझा सदरा चाचपला. त्याच दिवशी तिला एसटीनं सोलापूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू होता. उजवा डोळा गेला होता, डावा वाचवता येईल म्हणाले. "लाल होत असणार, दुखत असणार. इतके दिवस घरी काय करत होता?"

"औषध घालत व्हते की," काकू कौतुकानं म्हणाली. "लाली लगीच उतरायची."

डॉक्टरांचा आवाज चढला. "म्हणून तर कळलं नाही. कसलं औषध? दिलं कुणी?"

बाटली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. ती काढून दाखवायला खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. काकूनं माझ्याकडं मान वळवली. तिचा गेलेला डोळा माझ्या बाजूला होता, त्यामुळं चांगला डोळा माझ्यावर आणायला तिला सगळी मान फिरवावी लागली. तिनं मला नीट पाहिलं. मग ती डॉक्टरांकडं वळली.

"गुलाबपाणी व्हतं, सायेब," ती म्हणाली. "म्याच आणलं व्हतं बाजारातनं."

डॉक्टरांनी केसपेपरवर गुलाबपाणी असं लिहिलं. मी ते लिहू दिलं.