चिंध्यांवरची नावं

माझ्या बायजा आत्याला अक्षर येत नाही, तरी ठाकुर्लीजवळच्या आमच्या गावातल्या तेवीस बायकांचे पैसे तिच्या पत्र्याच्या पेटीत सुखरूप होते. लहानपणी ती मिठागरात राबली, नंतर सुकी मासळी विकली. गावाच्या जमिनी बिल्डरकडे गेल्या आणि पैसा पुरुषांच्या खात्यात आला. बायकांनी नवऱ्यांच्या नकळत जे मागे टाकलं, ते आत्याकडे ठेवलं. जिचे पैसे, तिच्याच साडीच्या चिंधीत बांधायचे. नाव नाही, वही नाही. चिंधी बघितली की आत्याला माणूस कळायचं.

आत्याचं घर पाडून इमारत होणार होती. मी पडले शहाणी, ठाण्यात खोपटला कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी करणारी. पैसे बँकेत टाक म्हणून मीच तिच्या मागे लागले. सरकारी मदतीचे दीड हजार येणाऱ्या खात्यात एकदम अकरा लाख रोख पडले. हे कुणा साहेबाने नाही, यंत्राने हेरलं आणि आयकर खात्याची नोटीस आली. पैसे कुणाचे ते सांगा, नाहीतर कर आणि दंड भरा.

आत्या नावं सांगेना. म्हणाली, "त्यांनी मना चिंधी दिली, नाव नाय दिला. मी कसा सांगू?"

मी चिडले. अडाणी म्हातारी सगळ्यांना बुडवणार, असं वाटलं मला. रिकाम्या चिंध्या तिने पेटीतच जपल्या होत्या. कुणाच्या लग्नात कोण कुठली साडी नेसलं होतं, हे मला तोंडपाठ, आणि बँकेत भरताना एकेक चिंधी सोडून पैसे मीच मोजले होते. एका दुपारी बसून मी बावीस नावं, रकमा आणि मोबाइल नंबर लिहून काढले आणि काय लिहिलंय ते न सांगता आत्याचा अंगठा घेऊन उत्तर पाठवलं. तेव्हा तर मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

मग चौकशीचे मेसेज बावीस घरी गेले. आमच्याकडे बायकांचे नंबर म्हणजे नवऱ्यांचेच फोन, हे मला माहीत असून मी ते लिहिले होते. त्यांतल्या चित्राने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी आठ वर्षं साठवलेले पैसे तिच्या नवऱ्याने आत्याकडून मागून नेले आणि पंधरा दिवसांत दारूत उडवले. तिची कृतिका आता डोंबिवलीत साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. ती मला बघून हसते, आणि ते मला सहन होत नाही.

प्रकरण मिटल्यावर मी कागद घेऊन आत्याकडे गेले. तिने यादी वाचायला लावली. बावीस नावं संपली, तशी तिने पेटीतून माझ्या निळ्या ओढणीची चिंधी काढली.

हो, माझेही पैसे होते. माझा नवरा विकी जमिनीचा पैसा क्रिप्टोत घालतो, आणि माझ्या खात्यातली हालचाल त्याच्या फोनवर दिसते. म्हणून मी आत्याकडे ठेवायचे. उत्तरात ती रक्कम मी तिच्या मासळीची कमाई म्हणून दाखवली होती.

"बावीस जनींची नावा दिलीस," आत्या म्हणाली. "तुजा तेवरा राखलास."

ती रागावली नाही. माझे पैसे तिने बँकेतून काढूनच आणले होते. ते त्या चिंधीत बांधून तिने माझ्या हातात दिले. आता ती कुणाचंच ठेवत नाही.

चित्राला ते द्यावेत म्हणून मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा परत फिरले. गाठोडं अजून माझ्या पर्समध्येच आहे.