गणपाची बायको कुठे गेली?

मंडळी, आज साकोलीच्या बसस्थानकावर एका वाचक बाईंनी मला पकडलं. माझ्या रहस्यकथामालेचे अकराही भाग त्यांनी वाचलेत.

"सर, नायकाले बढती भेटली, चष्मा लागला, नातू झाला. अन् त्याचा साथीदार गणपा अजून बॅटरीच धरून राहिला!"

मी ऐटीत म्हणालो, "अहो, संस्कृत नाटकापासून नायकाचा सोबती भुकेला अन् एकटाच!"

"एकटा कायले? चौथ्या भागात लगन लावलं नं तुम्ही त्याचं! बायको कुठी गेली?"

घरी येऊन चौथा भाग उघडला. लग्नात ती हिरव्या शालूत उभी आहे. पुढचे सात भाग कुठेच नाही. नावसुद्धा मी दिलेलं नाही.

आता त्या बाईंचंच नाव तिला द्यावं म्हणतो. पण तेही विचारायचं राहिलं. बाई, वाचत असाल तर सांगाल का?